पट्टकादंबाच्या तीन नोंदी

खोटी नोंद मला सहन होत नाही. फौजेत अठ्ठावीस वर्षं सिग्नलमध्ये काढली. तिथं एक चुकीचा आकडा पुढं गेला तर माणसं जातात. सुभेदार म्हणून निवृत्त झालो, कडेगाव तालुक्यातल्या माझ्या गावी परत आलो, ऊस धाकट्या भावाच्या हवाली केला आणि पक्ष्यांच्या मागं लागलो, पण सवय काही सुटली नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत उन्हाळ्यात दिसणाऱ्या दुर्मिळ पक्ष्यांची वही मी सात वर्षं लिहितोय. तिच्यासाठी सव्वादोनशे माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तारीख, वेळ, ठिकाण, फोटो, एवढं द्यायचं. त्यानंतर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का? ‘मेहुण्यानं सांगितलं’ असं उत्तर आलं की नोंद रद्द. जाणूनबुजून खोटी नोंद देणाऱ्याला ग्रुपमधून बाहेर काढायचं, हा नियम. आजवर पाच जणांना काढलं. त्यातले एक माझ्या व्याह्यांचे सख्खे भाऊ होते. तेव्हापासून माझी बायको, संयोगिता, लग्नकार्यात मला पक्ष्यांवर तोंड उघडू देत नाही.

यंदाचा उन्हाळा चांगला सुरू झाला होता. पाटणच्या एका मास्तरांनी नवरंग कळवला, फोटोसकट. इस्लामपूरकडून जयराज नावाच्या पोरानं नदीकाठचा मोरशराटी पाठवला. मी खूश होतो. आणि मग तीन मे उजाडला.

सकाळी साडेसहाला मी मायणीच्या तलावावर होतो. पाणी पार मध्यात गेलेलं, कडेनं भेगाळलेला चिखल. त्या चिखलात एकटाच एक पट्टकादंब चरत होता. करड्या रंगाचा मोठा हंस, पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या. दुर्बीण माझ्या हातातून सुटून छातीवर आपटली.

ज्यांना यात काय विशेष ते कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा पक्षी आपल्याकडं थंडीत येतो आणि मार्चमध्ये हिमालय ओलांडून परत जातो. मे महिन्यात तो लडाखात अंड्यांवर बसलेला असायला पाहिजे. हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. चौदा हजार फुटांवर एका तळ्याकाठी माझी दोन वर्षं पोस्टिंग होती. तिथं मे-जूनमध्ये हे पक्षी शेकड्यांनी यायचे. घरापासून दोन हजार किलोमीटरवर, रक्त गोठवणाऱ्या वाऱ्यात, माझ्या मुलखात थंडी काढून आलेले तेवढेच जीव तिथं होते. त्यांना बघून मी एकदा रडलोही होतो, हे बायकोलाही माहीत नाही. तोच पक्षी वैशाखात, बेचाळीस अंश उन्हात, माझ्यापुढं गवत खुडत होता.

चाळीस फोटो काढले. त्याची मागची काळी पट्टी डाव्या बाजूला तुटलेली होती, ती खूण लिहून ठेवली. शेरा लिहिला: ‘डावा पंख किंचित सैल, पिसं झडत असावीत.’ फोटो कापून फक्त डोकं ग्रुपवर टाकलं, कारण ओळख डोक्यावरून पटते.

चौदा मेला जयराजचा फोन आला.

“सुभेदार, तुमचा मायणीचा पाव्हणा तुमच्याच तालुक्यात आलाय. कडेगावच्या पाझर तलावावर.”

“काय रं, उन्हानं डोकं फिरलं का तुझं?”

“सवता बघतोय नव्हं. पट्टी तुटलेली हाय डाव्या अंगाला.”

मी मोटारसायकल काढली. तोच होता. तुटलेली पट्टी, सैल पंख, सगळं तेच. मायणीपासून सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर, आणि तेही दक्षिणेला. उत्तरेकडं जायचा पक्षी मे महिन्यात दक्षिणेला निघाला होता. असं कुणी कधी लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात नव्हतं. त्या संध्याकाळी मी एका स्थानिक पेपराला लेख दिला. ‘मायणीहून उडालेला पट्टकादंब कडेगावात उतरला’ असं पहिलंच वाक्य होतं. छापून आलं, माझ्या फोटोसह. पुढच्या दोन दिवसांत त्या तलावावर साठ-सत्तर माणसं येऊन गेली. पुण्याच्या गाड्या आल्या, हातभर लेन्सवाले आले. एक जण तर पक्षी उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून खडे मारत होता, त्याच्यावर मी ओरडलो. पक्षी उडाला नाही, नुसता पाण्यात लांब गेला. त्याचंही मला काही वाटलं नाही. दमला असेल म्हटलं.

तिसरी नोंद चोवीस मेची. तासगावच्या पलीकडच्या एका तलावावरून सृष्टी नावाच्या कॉलेजातल्या मुलीनं कळवली. तोच पक्षी, पुन्हा दक्षिणेला. आता मात्र माझी झोप उडाली. नकाशा पसरून पट्टीनं रेघ मारली, तर तिन्ही ठिकाणं जवळजवळ एका ओळीत. साताऱ्याला पक्षीप्रेमींचा मेळावा होता, त्यांनी मला पुढच्या रविवारी वीस मिनिटं बोलायला बोलावलं. मी विषय कळवला: ‘उलटं स्थलांतर’. संयोगिता म्हणाली, “आवं, पक्ष्याची वाट चुकली असंल. तुमी एवढं काय अंगाला लावून घेताय?” मी तिला गप्प बसवलं.

मग मला आणखी हुशारी सुचली. ग्रुपवर मी दर सोमवारी पाण्याचा अहवाल टाकतो, कुठल्या तलावात किती पाणी उरलंय त्याचा. तो पुढं घेतला, रेघ दक्षिणेला वाढवली आणि कवठेमहांकाळकडच्या एका तलावावर बोट ठेवलं. रेघेच्या वाटेवर पाणी तेवढंच शिल्लक होतं. पक्षी आता इथंच येणार. येताना पाहिला, तर उडण्याचा फोटो माझा.

एकोणतीस मेला सकाळी सहा वाजता मी त्या तलावाच्या बांधावर बाभळीखाली पोटावर पडून होतो. कॅमेरा तयार, नजर आभाळात. सात वाजता आभाळातून काहीच आलं नाही. खालच्या रस्त्यानं एक पिकअप आली.

पिकअपवर पशुखाद्याच्या पोत्यांची चित्रं होती. पंचेचाळिशीचा एक माणूस उतरला, त्यानं चारी बाजूंना बघितलं आणि मागच्या हौद्यातून एक डालगं खाली घेतलं. डालगं म्हणजे आपण कोंबड्या झाकतो ती बांबूची मोठी टोपली. ते दोन्ही हातांनी जपून धरून तो पाण्यापर्यंत गेला, गुडघ्यावर बसला आणि डालगं उचललं. त्याखालून पट्टकादंब बाहेर आला. मान झाडली, डुलत डुलत पाण्यात गेला.

माझं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर होतं, ते तिथंच राहिलं. पंधरा दिवस ज्याच्यामागं मी नकाशे रंगवले, ज्याच्यावर पेपरात लिहिलं, ज्याच्यावर रविवारी दोनशे लोकांपुढं बोलणार होतो, तो हिमालय ओलांडणारा पक्षी कोंबडीसारखा डालग्याखालून निघाला होता. मला वाटलं मला ऊन लागलंय. मग मला संताप आला, आणि मी साठ वर्षांचा माणूस बांधावरून अक्षरशः घसरत खाली गेलो.

“कोण रं तू? कुणी सांगितलं हे करायला?”

माणूस इतका दचकला की डालगं त्याच्या हातातून पडलं. माझ्याकडं बघून त्यानं हात जोडले.

“सुभेदार, तुमी? मी महावीर. तुमच्या ग्रुपात हाय मी.”

आठवलं. महावीर, सांगलीजवळच्या एका गावचा जैन माणूस, पशुखाद्याचा व्यापार. दोन वर्षांत त्यानं एकही पक्षी कळवला नव्हता, म्हणून मी त्याला काढून टाकायचं ठरवलं होतं आणि विसरलो होतो.

त्यानं सगळं सांगितलं. सांगली, तासगाव, विटा, मायणी ही त्याची माल पोचवायची वाट. मार्चमध्ये मायणीच्या अलीकडं विजेच्या तारांखाली हा पक्षी त्याला पडलेला सापडला. पंखातून रक्त येत होतं. तो घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं, प्रभावतीआक्कांनी, दीड महिना त्याला परसात ठेवून हळद लावली, भिजवलेले गहू घातले. मग आक्काच म्हणाल्या, पाण्यातला जीव पाण्यात सोड. त्यानं मायणीत सोडला.

“तितलं पाणी आटलं, कुत्री चिखलातनं त्याच्यापातुर यायला लागली. म्हणून कडेगावला आणला. पाणी कुठं हाय ते तुमच्या सोमवारच्या अहवालात बघितलं.”

“आणि तिथनं का हलवलास?”

तो खाली बघायला लागला. “तुमी पेपरात छापलासा. लोक धोंडं मारायला लागली त्याला.”

मी खडे म्हणत होतो, तो धोंडे म्हणाला. तासगावच्या तलावाचं पाणी ऊस-द्राक्षाच्या मोटरांनी ओढलं, म्हणून आता इथं. माझी उलट्या स्थलांतराची रेघ म्हणजे त्याच्या पिकअपचा रस्ता होता.

“मला सांगायचं न्हाईस का, गड्या?”

“तुमी लगेच ग्रुपात टाकला असता,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं.

मी कॅमेरा उघडून मायणीचे जुने फोटो तिथल्या तिथं काढले. कापलेले नव्हे, पुरते. चाळीसच्या चाळीस फोटोंत डावा पंख लोंबत होता. किंचित सैल कसला, पार लोंबत होता, टोक चिखलाला लागत होतं. मी रोज ते बघत होतो आणि दोन काळ्या पट्ट्या मोजत होतो. दुसऱ्या कुणी असे फोटो पाठवून ‘पक्षी तीस किलोमीटर उडाला’ म्हटलं असतं, तर मी त्याची भर ग्रुपात शोभा केली असती.

असा जंगली पक्षी गाडीत घालून फिरवणं कायद्यात बसत नाही, हे मी महावीरला सांगितलं आणि ओळखीच्या वनरक्षकाला, भाऊसोला, फोन लावला. तो भला माणूस, दीड तासात जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी पंख चाचपला, उघडून बघितला. हाड मोडून वाकडंच जुळलेलं होतं.

“पोहेल, चरेल, चांगला जगेल,” डॉक्टर म्हणाले. “पण उडणार नाही. कधीच नाही.”

मला वाईट वाटलं, पण महावीरकडं बघून मी हादरलो. तो मटकन खाली बसला होता.

“आरं, पक्षी जगणार हाय की,” मी म्हणालो.

“आई जगायची न्हाई, सुभेदार.”

मग खरी गोष्ट बाहेर आली. पक्षी मायणीत सोडला त्या दिवशी प्रभावतीआक्कांनी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जाऊन नेम घेतला होता. हा जीव पुन्हा उडेपर्यंत एकाशन. दिवसातून एकदाच जेवायचं, बाकी गाळलेलं पाणी, तेही सूर्य बुडायच्या आत. तेव्हा सगळ्यांना वाटलं आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. आज महिना झाला होता. आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, साखरेचा त्रास, वर हा उन्हाळा. दोनदा चक्कर येऊन पडल्या होत्या. गावातल्या डॉक्टरांनी हात जोडले, आक्कांनीही जोडले आणि नेम चालूच ठेवला.

“आणि आता त्यो उडणारच न्हाई,” महावीर म्हणाला. “म्हंजी ह्यो नेम कवाच फिटायचा न्हाई.”

मी त्याच्याशेजारी बसलो. मग मला एकदम आठवलं. “माझा लेख वाचून दाखव की त्यांना. मायणीहून उडाला, असं छापलंय त्यात.”

“दाखवला. त्याच दिवशी दाखवला. म्हनाली, पेपरात काय बी छापत्यात. डोळ्यानं बघितलेला माणूस घरी आण.”

एवढं बोलून तो माझ्याकडं बघत राहिला. त्यानं काही मागितलं नाही. मी उठलो, दुर्बीण गळ्यात नीट केली आणि त्याला स्पष्ट सांगितलं की खोटं माझ्याच्यानं होणार नाही. मी आक्कांना भेटेन, डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगेन, नेम सोडायला विनवेन. खरं सांगूनच माणूस वाचवता येतो, असं काहीतरी मी बोललो. तो “बरं” म्हणाला.

दुपारी चारच्या सुमारास आम्ही त्यांच्या घरी पोचलो. सोप्यात खाटेवर प्रभावतीआक्का बसल्या होत्या. पांढरं लुगडं, मनगटं इतकी बारीक की बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. मी वाकून नमस्कार केला. महावीरनं सांगितलं, “आई, हे सुभेदार. पेपरात लिवणारे.”

“बसा, बाबा,” त्या म्हणाल्या. आवाज ऐकायला मला पुढं सरकावं लागलं. “तुमी लिवलासा म्हणं, पाखरू उडालं.”

“आक्का, मी त्याचसाठी आलोय. तुमचा ह्यो नेम…”

“नेमाचं ऱ्हाऊ द्या. ह्यो माझा ल्योक हाय, माझ्या पोटात चार घास जावंत म्हणून ह्यो काय बी वाचून दावील. म्हणून तुमास्नी इचारते.” त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं गार होती, मे महिन्यात. “तुमी सवता बघितलासा का? तुमच्या डोळ्यांनी?”

सात वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारत आलो. मास्तरांना विचारला, पोरांना विचारला, व्याह्यांच्या भावाला चारचौघांत विचारून त्याचं तोंड उतरवलं. मला तो कुणी कधी विचारला नव्हता. मी वाक्य जुळवून आलो होतो, डॉक्टर, हाड, वाकडं जुळणं, सगळं. महावीर दाराशी उभा होता आणि माझ्याकडं बघत नव्हता.

“व्हय, आक्का,” मी म्हणालो. “बघितला.”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

“कसा उडाला?”

“आधी मान लांब केली. मग पाण्यावरनं पळत सुटला, धा-बारा पावलं. पंख पाण्याला लागत हुतं, फटफट फटफट आवाज. मला वाटलं न्हाई उचलायचा. मग पाय पोटाशी घेतलं आणि उचलला. तळ्यावर एक गिरकी मारली, माझ्या डोक्यावरनं गेला, पंखांचा वारा लागला मला. वरडत वरडत गेला. डोंगराच्या वर जाईस्तवर दिसत हुता.”

“कुनीकडं गेला?”

“उत्तरंला. घराकडं.”

आक्कांचे डोळे मिटलेले होते. मी बोललो त्यातला शब्द न् शब्द मी पाहिलेला आहे. लडाखच्या त्या तळ्यावर शेकडो वेळा पाहिलाय, वाराही लागलाय. खोटं होतं ते फक्त तारीख आणि ठिकाण.

आक्कांनी हात जोडून पुटपुटत मंत्र म्हटला. मग डोळे उघडून बाहेरचं ऊन बघितलं. सूर्य बुडायला अजून दोन-अडीच तास होते.

“महावीर, ताट वाढायला सांग.”

सुनेनं आत काहीतरी पाडलं, भांड्याचा आवाज झाला. ती ताट घेऊन आली. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी. महिन्याभरात त्या घरात आक्कांचं एका दिवसात दुसऱ्यांदा ताट वाढलं गेलं नव्हतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला आणि खूप वेळ चावत राहिल्या. महावीर भिंतीकडं तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

“तुमी बी जेवा की, बाबा,” त्या मला म्हणाल्या.

मी हातानंच नको म्हटलं. मी फौजेत गोळीबार पाहिलाय, बर्फाखालून माणसं काढलीत. पण एक म्हातारी माझ्या खोट्या नोंदीवर विश्वास ठेवून भाकरी खातेय, हे बघताना जेवढा हादरलो तेवढा कधी हादरलो नव्हतो. त्याहून मोठा धक्का हा, की मला पश्चात्ताप होत नव्हता. मी तो शोधत होतो आणि तो सापडत नव्हता.

पट्टकादंब आता भाऊसोच्या हद्दीतल्या एका बारमाही पाण्यावर आहे, रीतसर कागद करून. कुठं ते मी सांगणार नाही. त्याचं ठिकाण लिहायचं नाही, हे ठरवायलाही मला दोन दिवस लागले. दर सोमवारी मी तिकडं जातो आणि पंख बघतो, पट्ट्या नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. संयोगितानं चहा ठेवला. मी वही उघडली, तीन मे, चौदा मे आणि चोवीस मे या तिन्ही नोंदींवर लाल रेघ मारली. साताऱ्याच्या मंडळींना फोन करून सांगितलं की माझ्याकडं बोलण्यासारखं काही उरलं नाही. मग ग्रुपवर लिहिलं: ‘पट्टकादंबाच्या तिन्ही नोंदी रद्द. चूक माझी आहे. वही जयराजकडं सोपवतोय, तो आता ॲडमिन.’

चौथी नोंद मी कुठंच लिहिली नव्हती. पण ती मी दिली होती, तोंडी, एका साक्षीदारासमोर, विचारल्यावर आणि जाणूनबुजून. अशा माणसाला ग्रुपमध्ये ठेवत नाहीत. मी फोन उचलला आणि ग्रुपमधून बाहेर पडलो.